काय चावलं, माहीत नाही

सानगडीत खुशबू मेश्रामला नावाने हाक मारणं लोकांनी जवळजवळ सोडून दिलं होतं. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात तिचं अजून तिसरंच वर्ष चालू होतं, पण गावाने तिला केव्हाच डॉक्टरीन करून टाकलं होतं. सुट्टीत घरी आली की अंगणात कुणी ना कुणी येऊन बसे. कुणाचा गुडघा, कुणाचा खोकला. खुशबू जमेल तेवढं सांगे. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं की तिची आई मंगलाबाई चहा ठेवायला आत जाई.

या पावसाळ्यात मात्र ती मिटून मिटून होती. पुस्तकातल्या प्रश्नाला चार पर्याय असत आणि त्यातला एक बरोबर निघे. वॉर्डात उभं राहिल्यावर तिला कळलं, की खाटेवरच्या माणसासोबत पर्याय येत नाहीत. आठवडाभर तापलेली बाई बरी होऊन घरी जाई, आणि ताप कशाचा होता ते मोठ्या डॉक्टरांनाही सांगता येत नसे. वर्गातली मुलं त्यावर विनोद करून मोकळी होत. खुशबूला ते जमत नव्हतं. हे काम आपल्याला झेपणार नाही की काय, असं तिच्या मनात येई, आणि ते तिने आईलाही सांगितलं नव्हतं.

धानाचा रोवणा चालू होता. शेजारच्या कुंताबाईच्या शेतात, पाणी साचवलेल्या बांधीत धान लावायला मंगलाबाई जात होती, म्हणून खुशबूही गेली. सकाळीच उपटलेल्या पऱ्यांच्या, धानाच्या रोपांच्या, जुड्या पाण्यात पडल्या होत्या. दुपारी कुंताबाईने एकदम पाय वर घेतला आणि पाण्याबाहेर धुऱ्यावर जाऊन बसली.

"काय झालं वं?" मंगलाबाईने विचारलं.

"चावलं काहीतरी. केकडा असन."

बायांनी खुशबूकडे पाहिलं. तिने पायाचा चिखल धुतला. अंगठ्याजवळ एकच बारीक खूण होती, भोवती थोडी सूज. केकड्याची असू शकत होती. सापाचा एकच दात लागला असेल, तर त्याचीही असू शकत होती. गढूळ पाण्यात कुणालाच काही दिसलं नव्हतं.

"सांग ना, केकडाच हाय ना?" कुंताबाई म्हणाली. "आज हे परे लावले नाई तर वाया जातीन."

खुशबूच्या ओठांवर 'हो' आलं होतं. सगळ्यांना तेच हवं होतं, आणि बहुतेक ते खरंही होतं.

"मले माहीत नाई, काकू," ती म्हणाली.

एक बाई हसली. "एवढी शिकली अन् केकडा ओळखता येत नाई? आमची बकरीबी सांगन."

मंगलाबाई मान खाली घालून रोपांची जुडी सोडू लागली. आईची ती खाली गेलेली मान खुशबूला दिसली, पण तिने शब्द मागे घेतला नाही. "माहीत नाई म्हणूनच दवाखान्यात जाऊ," ती म्हणाली. एक बाई पायाला पदराची पट्टी आवळून बांधायला निघाली होती, तिला खुशबूने थांबवलं. पाय हलू नये म्हणून काठीला सैल बांधून घेतला. कुंताबाईचा मुलगा भुपेंद्र मोटरसायकल घेऊन आला. पुढे तो, मागे खुशबू आणि मध्ये चिडलेली कुंताबाई, असे तिघे तालुक्याला निघाले.

"काय चावलं?" दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं.

"माहीत नाही, सर. कुणी पाहिलं नाही."

तिला वाटलं, ते आता कपाळाला आठ्या घालतील. त्यांनी केसपेपरवर 'अज्ञात दंश' लिहिलं आणि पुढच्या कामाला लागले. हे सरळ लिहिता येतं, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि नळी उभी करून ठेवली. "हिला हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी रक्त गोठलं का, ते बघू. विष रक्तात भिनलं असेल तर ते गोठत नाही."

खुशबूने हात मांडीखाली दाबून धरले. नळी तिरपी करून पाहावी असं सारखं वाटत होतं. रक्त गोठलं. भुपेंद्रने सुस्कारा सोडला, पण डॉक्टर म्हणाले, "काही सापांचं विष रक्तात असं दिसत नाही. उद्यापर्यंत इथेच ठेवू. पापण्या जड होतात का, लक्ष ठेवा."

मग खुशबू खाटेजवळ बसून राहिली. थोड्या थोड्या वेळाने म्हणे, "काकू, वर पाहा."

"पाहून राहिली ना माय," कुंताबाई वैतागली. "सोयरीक पाहाले आल्यावानी बसली माह्या तोंडाकडे पाहत."

पापण्या काही जड झाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कुंताबाई घरी आली. ती दवाखान्यात गेल्यावर रोवणा थांबला होता आणि उपटलेली रोपं पिवळी पडली होती. कुंताबाई दारादारात सांगत फिरली, "काय चावलं ते मोठ्या डॉक्टरलेबी माहीत नाई." त्यानंतर खुशबूच्या अंगणात येणारी माणसं कमी झाली. एका बाईने लेकराची खरूज लाखनीच्या औषधाच्या दुकानात नेऊन दाखवली.

एका संध्याकाळी चुलीजवळ मंगलाबाईने हळूच विचारलं, "तुले खरंच माहीत नव्हतं?"

"नाई."

"अन् भेव?"

"लागला ना. अजूनबी लागते. वॉर्डात रोजच लागते."

मंगलाबाईने भाकर उलटवली. "मले वाटे, शिकून शिकून तुहा भेव निघून जाईन."

"मलेबी तसंच वाटे," खुशबू म्हणाली.

मंगलाबाईने भाकर तिच्या ताटात टाकली. "मंग त्या दिवशी भेव लागला ते मले काहून नाई सांगतलं? मीबी दवाखान्यात आली असती, बसली असती तुह्यासंग."