मोठी बॅग मार्लिसची

"ही मला," असं म्हणून मार्लिस ट्वेटने खुंटीवरची, पाठीवर मांस वाहायची सगळ्यांत मोठी बॅग खाली ओढली आणि डेलच्या शिकारी सामानाच्या दुकानात सगळे वळून बघायला लागले. एल्क ह्या थोराड हरणाच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आलेला, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि ही बाई नवऱ्याच्या हातात काय देते, तर पोरं सहलीला नेतात तेवढी छोटी बॅग!

"ऑरिन, आता बायको तुलाच पाठीवर टाकून आणणार बघ!" कोणीतरी म्हणालं. हशा पिकला. ऑरिनही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

का नाही होणार? उभा जन्म ह्या माणसाने घोड्याएवढ्या जनावराची मागची तंगडी एकट्याने पाठीवर घालून डोंगराखाली आणली होती. पण वसंतात त्याची छाती उघडून हृदयाचं ऑपरेशन झालं, तेही दूरच्या शहरात. आता जड उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आमच्या दरीत हे मार्लिसशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कुणाला सांगणार नाही असा शब्द त्याने तिच्याकडून घेतला होता. मग चारचौघांत ती काय बोलणार, कपाळ? तिने बॅगच अशी निवडली की आत जड काही मावूच नये.

डेलने नेहमीसारख्या दोन्ही बॅगांत वाळूच्या पिशव्या कोंबल्या आणि वजन पेलतं का बघायला दोघांना मागच्या जिन्यावर पिटाळलं. रिकामी बॅग पाठीला लावून आरशात बघणाऱ्यांना तो दारातूनच हाकलतो. वरच्या पायरीवर ऑरिन थांबला. आजूबाजूला कोणी नव्हतं.

"लहान बॅग म्हणजे खेपा वाढल्या," तो हळूच म्हणाला. "दर खेपेला परत शिकारीपाशी जायचं. तोवर अस्वल आलेलं असतं, मार्लिस."

"जादा खेपा मी करीन."

"त्याचीच तर मला भीती."

"गप उतर खाली," ती म्हणाली, आणि दोन्ही बॅगा घेऊन ते घरी आले.

हंगामाच्या पहिल्याच सकाळी ऑरिनने एका खोल घळीत एल्कचा नर पाडला. आमच्याकडे बंदुकीचा आवाज म्हणजे अस्वलांना जेवणाची हाक. दोघांनी भराभर कापाकापी केली, आतडी तिथेच सोडली आणि मांस लांब, मोकळ्या कड्यावरच्या झाडाला दोराने टांगलं. पहिली खेप बिनघोर खाली पोचली. दुसऱ्या खेपेला वर येईपर्यंत ऊन कलायला लागलं होतं.

जंगलात चालताना ट्वेट नवरा-बायको एकमेकांना हाक देत चालतात. "ऑरिन!" की मागून "आहे!" अस्वल अचानक दचकत नाही आणि मागचा माणूस आहे हेही कळतं. ह्या वेळी हाक देता देता मार्लिस थबकली. कावळे सगळे झाडांवर बसले होते. खाली आतड्यांवर एकही नाही.

"तिथे अस्वल आहे. भर लवकर!"

ट्वेटांच्या घरात आपली बॅग आपण भरायची नाही. ऑरिनच्या बापाने घालून दिलेला नियम: नवऱ्याची बायकोने भरायची, बायकोची नवऱ्याने, म्हणजे कोणी अंगचोरी करत नाही आणि कोणी फुशारकीही मारत नाही. आणि भरलेली बॅग उघडून बघायची नाही, तो अविश्वास झाला. मार्लिसने त्याच्या बॅगेत हलके तुकडे घातले. मग अस्वलासाठीचा तिखटाचा फवारा हातात धरून, झाडीकडे तोंड करून ती ओरडत उभी राहिली. मागे ऑरिनने तिची बॅग भरली आणि उचलून तिच्या पाठीवर चढवली.

"एवढीशीच?"

"घट्ट बसलीय म्हणून हलकी लागते. तू हो पुढे, मी दोर सोडून आलोच."

ती निघाली. भीतीने डोकं चालत नव्हतं, नाहीतर मार्लिस अशी फसणारी बाई नव्हे.

"ऑरिन!"

"आहे!"

थोडं खाली गेल्यावर, "ऑरिन!"

"आ..हे."

पुढच्या हाकेला काहीच आलं नाही. मार्लिसने पुन्हा हाक दिली. पानही हललं नाही. मग ती फिरली आणि परत चढायला लागली, अस्वलाच्या दिशेने.

ऑरिन एका पडलेल्या ओंडक्याला टेकून बसला होता. चेहरा राखेसारखा, अंगात नुसता शर्ट. आणि त्या छोट्या बॅगेवर बाहेरून दोराने आवळलेल्या दोन्ही मागच्या तंगड्या! एक तिच्या वाटणीची, एक तिसऱ्या खेपेसाठी ठेवलेली.

"एकाच खेपेत संपवलं," तो कसाबसा म्हणाला. "तुला परत यायला नको."

"अरे मूर्खा! मूर्खा!" मार्लिसला रडूच फुटलं.

वरच्या उतारावर फांदी मोडली. अस्वल मागच्या पायांवर उभं राहून वास घेत होतं.

"मांस सोडू नकोस," ऑरिनने तिचा हात धरला. डोंगरात मांस टाकून आलेल्या माणसाशी आमच्या दरीत कोणी नीट बोलत नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

"मांस गेलं खड्ड्यात!" तिने सुरी काढली आणि त्याच्या पाठीवरच्या बॅगेचे पट्टे कापून टाकले. मग त्याला आधार द्यायला स्वतःची बॅग उतरवली, उघडली. आत त्याचा जाड कोट आणि देवदाराच्या फांद्या. तिने तो कोट त्याला चढवला, त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि दोघं निघाली. न पळता, न वळता. मागे अस्वलाने तंगड्यांचा दोर तोडल्याचा आवाज आला तेव्हा ऑरिनने डोळे मिटून घेतले.

पुढच्या शरदात दोघं पुन्हा डेलच्या दुकानात शिरली.

"गेल्या वर्षीच्या बॅगा कुठायत?" डेलने विचारलं.

"अस्वलाने नेल्या."

"आणि मांस?"

सगळ्यांनी कान टवकारले. मार्लिस काहीतरी थाप मारणार, तेवढ्यात ऑरिन बोलला, "टाकलं. मी मरायला टेकलो होतो, म्हणून हिने टाकलं. माझं हृदयाचं ऑपरेशन झालंय. लपवलं मी."

ह्या खेपेला कोणी हसलं नाही.

"मग तुला कोणती काढू?" डेलने हळूच विचारलं.

"मला नको. मी नुसता आवाज द्यायला जाणार."

मार्लिसने मोठी बॅग घेतली. ऑरिनने वाळूच्या पिशव्या भरल्या, आणि तिने सगळ्यांदेखत बॅग उघडून एकेक पिशवी चाचपून बघितली. तेव्हा मात्र दुकान खो खो हसलं. मग ती जिना चढायला लागली. वर पोचेपर्यंत धाप लागली होती, खालचं काही दिसत नव्हतं.

"ऑरिन!"

"आहे!" तो खालून ओरडला.