जुन्या पाडव्याचं फोल्डर

नव्वदच्या दशकात मी नाशकात एका करसल्लागारांकडे हिशेब लिहायचो. दशक संपता संपता त्यांनी करांचं काम सोडून सॉफ्टवेअरचा धंदा काढला आणि मलाही टेबलखुर्चीसकट सोबत नेलं. आम्ही त्यांना सर म्हणायचो. पंचवटीत दोन खोल्यांचं ऑफिस होतं. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक द्राक्षं निवडून पेट्यांत भरणारी पॅकहाऊसं आणि कोल्ड स्टोरेजं.

धंदा बदलला तरी सरांची दिवाळीच्या पाडव्याला नव्या वह्या घालायची सवय गेली नाही. वह्या उरल्या नव्हत्या, म्हणून त्या दिवशी प्रत्येक कॉम्प्युटरवर नव्या सालाचं फोल्डर करायचं, सगळ्या प्रोग्रामांच्या प्रती त्यात घ्यायच्या, कीबोर्डला हळदकुंकू लावायचं आणि जुन्या फोल्डरकडे पुन्हा बघायचं नाही. संध्याकाळी मुख्य कॉम्प्युटरवर बॅकअप जायचा तोही नव्या फोल्डरचाच. मला यात काही वावगं दिसत नव्हतं. हिशेबात जुनं साल बंद करावंच लागतं.

काही वर्षांनी आमच्याकडे एक मुलगी प्रोग्रामर म्हणून आली. माहेर दिंडोरीकडचं, घरची द्राक्षबाग. मी तिला मॅडम म्हणायचो, ती मला दादा. प्रोग्राममधला प्रत्येक बदल सांभाळणारं एक फुकटातलं साधन तिने आणलं. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या प्रोग्रामची एक रिपॉझिटरी, म्हणजे एकच फाईल. कोणी, कधी, काय बदललं, ते सगळं तिच्यात. सर आधी कुरकुरले, मग ती फाईल पाडव्याला उचलून नव्या फोल्डरमध्ये ठेवता येते हे कळल्यावर खूश झाले.

मॅडम बाळंतपणाच्या रजेवर माहेरी गेल्या त्या हंगामातली ही गोष्ट. पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसचा सकाळीच फोन आला. व्होल्टेजचा झटका बसून त्यांचा कॉम्प्युटर गेला होता. पेट्यांवरची लेबलं छापणारा आमचा प्रोग्राम त्याच्यासोबत गेला. परदेशी जाणारा कंटेनर संध्याकाळी निघणार होता आणि लेबलावर बागेचा नोंदणी क्रमांक नसला तर माल चालणार नव्हता.

क्रमांक छापायची ती सोय मॅडमनी दिवाळीनंतर केली होती. मी मुख्य कॉम्प्युटरवर पॅकहाऊसची रिपॉझिटरी उघडली. शेवटची नोंद पाडव्याची, पूजेच्या दिवशीची. पुढे काहीच नाही. जुनं लेबल छापून पाहिलं, त्यात क्रमांक नव्हता.

सर माझ्या मागे उभे होते. ते रागावले की हळू बोलायचे.

"काम केलं आणि नोंदवलंच नाही. पेन ड्राइव्हवर घेऊन गेली, तिकडे बसवून आली आणि रजेवर गेली."

"तसं करणाऱ्यातल्या त्या नाहीत, सर."

"मग दाखवा ना नोंद." मी नोंदी पुन्हा वर-खाली करून पाहिल्या. "असं असेल तर तिला परत घ्यायचं का, याचा विचार करावा लागेल."

ते रागाच्या भरात बोलतात हे मला माहीत होतं, आणि बोललेलं सहसा मागे घेत नाहीत हेही. मॅडमचा पगार किती होता, ते मीच पगारपत्रक करत असल्यामुळे मला ठाऊक होतं. नवऱ्याची कंपनी तेव्हा बंद पडली होती, घर त्याच पगारावर चालत होतं. मी मोबाइलवरून फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

मॅडमच्या आईंनी उचलला. "कोन? हापिसवाले व्हय? ती बाळाला पाजून राहिली. आता तिला काम सांगू नका, लय थकली हाय."

"काम नाही मावशी, एकच गोष्ट विचारायची आहे."

"एकच म्हनता आन् तासभर बोलता तुमी लोक," असं म्हणत त्यांनी फोन दिलाच. मी मॅडमना सगळं सांगितलं, फक्त सरांचं शेवटचं वाक्य सोडून.

"नोंद केलीय दादा," त्या म्हणाल्या. "रोजच्या रोज केलीय. तुम्ही शोधत बसू नका, आधी यादी काढा."

नोंदवलेल्या सगळ्या रिपॉझिटऱ्यांची यादी काढायची एक आज्ञा त्या साधनात होती. एखादी रिपॉझिटरी एकदा उघडली की ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे ते साधन आपोआप लिहून ठेवतं. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत दोन-तीन शब्द टाइप केले की सगळे पत्ते ओळीने समोर येतात. मी आज्ञा दिली. पॅकहाऊसची एकच ओळ आली, मी उघडली होती तीच.

"तिथे नका काढू. यादी ज्याच्या त्याच्या मशीनची असते. माझ्या कॉम्प्युटरवर बसा, माझ्या नावाने शिरा." मग जरा थांबून, "सर आहेत का तिथे?"

"शेजारीच आहेत."

"मग पासवर्ड कसा सांगू?"

"सांगा, वेळ नाही."

"सर रजेवर. सलग लिहा. इंग्रजी अक्षरांत."

मी सलग लिहिलं. सर स्क्रीनकडे बघत म्हणाले, "कधी घेतलीय मी रजा?" आणि त्या सकाळी पहिल्यांदाच त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

मॅडमच्या कॉम्प्युटरवर यादी आली. कोल्ड स्टोरेजं वगैरे एकेका ओळीत होती. या पॅकहाऊसच्या ओळी मात्र दोन. एक नव्या सालाच्या फोल्डरमधली, दुसरी जुन्यातली. जुनी उघडली. पाडव्यानंतरच्या नोंदी एकाखाली एक, अगदी रजेवर जायच्या आदल्या दिवसापर्यंत. प्रत्येकीपुढे एका वाक्यात काय केलं ते. 'लेबलावर नोंदणी क्रमांक घातला' ही नोंद मी सरांना मोठ्याने वाचून दाखवली.

"अहो, पण जुन्या फोल्डरमध्ये का?" सरांनी फोनच्या दिशेने विचारलं.

"सर, पाडव्याला तुम्हीच म्हणालात, पॅकहाऊसचं काम निम्म्यावर आहे, ते आत्ता हलवू नको, पूजेपुरती त्याची एक प्रत नव्या फोल्डरमध्ये उघड. मग मी रोजचं काम जिथे चालू होतं तिथेच करत राहिले. नोंदी जुन्या फाईलमध्ये जात राहिल्या. बॅकअप तिथला होत नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही."

सर फोनजवळ सरकले. पलीकडे बाळ कुरकुरलं.

"मुलगी की मुलगा?" त्यांनी विचारलं.

"मुलगी."

"बरं झालं. रजा पुरी कर. घाई करू नको. तुझी जागा कुठे जात नाही."

मॅडमना ते नुसतं सौजन्य वाटलं असेल. मला मात्र तेव्हा खुर्चीला पाठ टेकता आली.

प्रोग्राम पुन्हा तयार केला आणि सरांच्या स्कूटरवरून आम्ही दोघं पिंपळगावला गेलो. तिथल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो बसवला आणि पहिलं लेबल बाहेर आलं तेव्हा सरांनी चष्मा वर करून क्रमांक वाचला. कंटेनर वेळेवर निघाला. त्याआधी आम्ही दोघांनी तिथल्या पायऱ्यांवर बसून बशीतून चहा प्यायला.

पुढच्या पाडव्याला हळदकुंकू झालं, पेढे झाले, नवीन फोल्डर झालं नाही. सर एवढंच म्हणाले, "काम आहे तिथेच राहू द्या."

मॅडम तोपर्यंत रुजू झाल्या होत्या. आल्या त्या दिवशी त्यांनी आधी यादीच काढली. पॅकहाऊसच्या दोन्ही ओळी तशाच होत्या.

"दादा, नोंदी एकत्र केल्यात ना? मग जुनी ओळ यादीतून काढायची की."

"तुमच्या नावावरची आहे. तुम्ही आल्यावर तुम्हीच काढाल म्हणून ठेवली."

त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "मी येणारच होते की." मग त्यांनी ती ओळ काढली. कंटेनरच्या दिवशी सर त्यांना परत घेण्याबद्दल काय बोलले होते ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नाही, याचं श्रेय त्यांच्या रोजच्या एकेका वाक्याला आणि त्या दोन ओळींना आहे.