जयाबाईच्या गोठ्यातला करंट

स्वरूपनं उभ्या जन्मात पहिल्यांदा आईचं काम हलकं करायचं मनावर घेतलं आणि तिथंच घराला साडेसाती लागली. त्याआधी तो आईसाठी काहीच करत नव्हता, तोवर सगळं सुरळीत होतं.

काम तसं साधंच. परसातल्या आडातनं पाणी शेंदायचं, घागर कमरेवर घेऊन गोठ्यात न्यायची आणि म्हशीची दगडी दोणी भरायची, हा जयाबाईचा लग्न झाल्यापासूनचा नेम. एका रविवारी स्वरूपनं अर्ध्या एचपीची मोटार आणली, आडाच्या कट्ट्यावर बसवली आणि तिचा लोखंडी पाईप बाहेरनंच गोठ्याच्या कुडातनं थेट दोणीत सोडला. वायरिंगला माणूस बोलवायचा प्रश्नच नव्हता. काकतीकडच्या त्या गावात, निदान त्याच्या गल्लीत, तो पहिला बी.कॉम. झालेला. बेळगावात दुचाकीच्या शोरूममध्ये काउंटरला बसायचा, आणि मोबाईलवर दोन-तीन व्हिडिओ बघितले की जगात न येण्यासारखं काही उरत नाही अशी त्याची पक्की समजूत होती.

मोटारीच्या वायरीतनं तीन तारा निघाल्या. लाल, काळी आणि हिरवी. घरातल्या बोर्डावर भोकं दोनच. हिरवीबद्दल व्हिडिओतला माणूस काहीतरी कळवळून सांगत होता, पण नेमकी तिथं जाहिरात आली आणि स्वरूपनं व्हिडिओ पुढं ढकलला. ‘ही जास्तीची दिसतीय,’ असं म्हणून त्यानं ती चिकटपट्टीत गुंडाळून ठेवली. बटण कुठल्या तारेवर घालायचं याचाही त्यानं फार काथ्याकूट केला नाही. दाबलं की मोटार चालते, सोडलं की थांबते, मग आणखी काय पाहिजे?

जयाबाईनं मोटारीला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला आणि खोबरं गल्लीभर वाटलं. “बाहेरचा माणूस लावला न्हाय. माझ्या स्वरूपनं केलंय सगळं.”

“बघ हां,” स्वरूपचे वडील भरमूआप्पा उंबऱ्यावरनं म्हणाले. “ह्याला सायकलची चेन बसवायला येत न्हवती.”

“तुमास्नी काय येतंय?” जयाबाईनं त्यांना तिथंच गप्प केलं.

म्हशीचं नाव चंद्री. जयाबाई म्हणजे चंद्री आणि चंद्री म्हणजे जयाबाई, असं गल्लीत म्हणायचे. चंद्रीच्या कपाळावर पांढरा ठिपका, जयाबाईच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू. चंद्रीची आई आणि आजीही जयाबाईच्याच हाताखाली वाढलेली. दुधाची बरणी घेऊन जयाबाई पहाटेच्या बसनं बेळगावात अनगोळला ठरलेल्या घरांत रतीब घालून यायची. स्वरूपची सगळी कॉलेजं त्या बरणीतनं निघालेली. घरात कुणाशी बिनसलं की ती गोठ्यात जाऊन चंद्रीशी बोलायची, आणि चंद्री कान हलवून होकार द्यायची, जो घरात कुणी देत नव्हतं. जयाबाईचा एक कडक नियम होता. गोठ्यात लक्ष्मी असते, तिथं पायताण घालून यायचं नाही. ती स्वतः अनवाणी, आप्पा अनवाणी. स्वरूपच्या शोरूमच्या बुटांना नाडी होती, आणि ती सोडायचा त्याला इतका कंटाळा की नोकरी लागल्यापासून तो दाराच्या आत गेलाच नव्हता.

मोटार बसली त्याच आठवड्यात चंद्रीचं बिनसलं. पाण्याला तोंड लावायची आणि झटकन मान वर. दोणीकडं नेलं की मागं सरायची. धार काढायला बसलं की पान्हा चोरायची आणि एकदा तर चरवी लाथेनं पार कुडापर्यंत उडवली. जिनं जन्मात पाय उचलला नव्हता, ती!

शेजारच्या नागुबाईनं निदान केलं, “दृष्ट लागली गं जयाक्का. गल्लीभर खोबरं वाटलीस न्हवं?” मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. जनावरांचा डॉक्टर इंजेक्शन देऊन गेला आणि ‘बघूया’ म्हणाला. दूध रोज कमी होत गेलं. अनगोळची दोन घरं पिशवीच्या दुधावर गेली.

“आणि माझ्या बी हाताला झिणझिण्या येतात रं,” जयाबाई एकदा जेवताना म्हणाली. “दोणीत हात घातला की कोपरापर्यंत. वय झालं म्हणायचं.”

स्वरूपनं संध्याकाळी मलमाची ट्यूब आणून दिली. तरी मनात काहीतरी टोचलं म्हणून त्यानं गोठ्याच्या दारात उभं राहून लांबनं मोटारीकडं बघितलं, घरात येऊन बटणावर टेस्टर टेकवला, दिवा लागला. “करंट बरोबर येतोय की,” तो म्हणाला. करंट बरोबर येत होता, यात खोटं काहीच नव्हतं.

शेवटी आप्पांनी ठरवलं. वैरण खाऊन दूध न देणारी म्हस पोसायची कुणाच्या जिवावर? लोंढ्याकडचा भावकू हॉटेलांना दूध घालायचा. अडलेल्या माणसांची जनावरं पडत्या भावात घेऊन जायचा. आप्पांनी त्याला शब्द दिला. बेंदूर झाला की बुधवारी यायचं.

जयाबाईनं ऐकलं आणि भाकरी थापत राहिली. नुसती थापतच राहिली. भाकरी परातीएवढी झाली तरी तिच्या ध्यानात आलं नाही.

घरात बैल कधीच राहिले नव्हते, पण बेंदूर सुटला नव्हता. शिंगं चंद्रीचीच रंगवायची. जयाबाई त्या दिवशी हट्टाला पेटली, “शेवटचा बेंदूर हाय तिचा ह्या घरात. बुटं काढ आणि ये.” स्वरूपनं बूट काढले, मोजे काढले, आणि कितीतरी वर्षांनी अनवाणी गोठ्यात पाऊल ठेवलं. चंद्रीला धुतल्यामुळं खाली सगळं ओलं. कुंकवाचा हात धुवायला म्हणून त्यानं दोणीत बोटं बुडवली.

त्याच्या तोंडातनं जो आवाज निघाला तो चंद्रीसुद्धा वळून बघण्यासारखा होता.

“तुला बी आलं?” जयाबाईनं विचारलं. तिच्या आवाजात काळजीपेक्षा सुटका जास्त होती. “मग वय न्हवं म्हणायचं ते.”

“आई, रोज असं होत होतं? बोलली का न्हाईस?”

“बोललो की. तू मलम आनलास.”

मोटार बंद होती. बटण बंद होतं. तरी पाण्यात करंट होता, आणि हे कसं होतं ते बघितलेल्या एकाही व्हिडिओत नव्हतं. स्वरूपनं पक्कड उचलली, तसं जयाबाईनं त्याचं मनगट धरलं. “ऱ्हाऊ दे. आता तरी ऱ्हाऊ दे.” एवढंच ती म्हणाली, पण लेकाच्या हुशारीवरचा तिचा विश्वास उडालेला त्यानं पहिल्यांदा बघितला.

गावात लग्नाला दिव्यांच्या माळा लावणाऱ्या विक्रमला फोन केला. तो म्हणाला, “मोटारीखाली रबर सार, काय व्हत न्हाय.” मग स्वरूपनं शोरूमचं काम केलेल्या अनगोळच्या रघुवीरअण्णांचा नंबर शोधला. ते सरकारी लायसनचे इलेक्ट्रिशियन.

“हातातली पक्कड खाली ठेवलास?” सगळं ऐकून रघुवीरअण्णांनी आधी तेच विचारलं. “हां. आता कोरड्या जागी उभा राहून, चप्पल घालून, घराचा मेन स्विच पाड. बल्ब बदलायचा तर तू बदल बाबा. पण शॉक लागतोय, बोर्ड गरम होतोय, वायर जळल्याचा वास येतोय, फ्यूज परत परत उडतोय, ह्यातलं काहीही असलं तर घरच्यानं हात घालायचा न्हाय. मी येईपर्यंत कुणी मेन चढवायचा न्हाय.”

“आज येताय?”

“गुरुवारी. त्याआधी चार कामं घेतलीत.”

“अण्णा, बुधवारी म्हस जाणार हाय आमची.”

“म्हस जाऊ दे रे,” पलीकडनं ते म्हणाले, “माणसं वाचली ते बघ.”

मेन पाडला. घरात बत्ती नाही, आप्पांच्या बातम्या नाहीत, मोबाईल नागुबाईकडं चार्जिंगला. आणि जयाबाई पुन्हा आडावर, घागर कमरेवर. जे काम हलकं करायला एवढं रामायण झालं, तेच काम ती परत करत होती. मंगळवारी चंद्री बिचकत दोणीशी आली, नाक लावलं, थांबली, आणि मग मान वर न करता दोणी अर्धी केली. संध्याकाळी जयाबाई धार काढून आली तेव्हा चरवीवर फेस होता. चरवी आप्पांच्या पुढ्यात ठेवली आणि उभी राहिली.

आप्पांनी बोटानं फेस बाजूला करून आत बघितलं. “शब्द दिलाय गं,” ते म्हणाले.

“उद्या मी बोलतो भावकूशी,” स्वरूप म्हणाला. “खरं काय ते सांगतो. समजूतदार माणूस हाय.”

बुधवारी भावकू टेम्पो घेऊन आला. स्वरूपनं त्याला चहा पाजला आणि काउंटरवर गिऱ्हाईकाला पटवतात तसं सगळं सविस्तर सांगितलं. म्हशीत खोट नाही. खोट आपल्या वायरिंगमध्ये होती. मेन पाडल्यापासून ती पाणी पिते, पान्हा सोडते. तेव्हा आता विकायचं कारणच उरलं नाही.

भावकूनं मन लावून ऐकलं. मधे मधे ‘व्हय व्हय’ म्हणाला. ऐकून झाल्यावर त्याचा चेहरा असा उजळला की स्वरूपला क्षणभर वाटलं, जमलं.

“म्हणजे म्हस चांगली हाय तर!” भावकू मांडीवर थाप मारून म्हणाला. “आणि मी तर भीत भीत आलतो हो. लई उपकार झाले सांगितलासा ते.”

“तसं न्हवं भावकूअण्णा—”

“आप्पा, शब्द म्हंजे शब्द. तुमीच म्हणालतासा, बुधवारी घेऊन जा.”

आप्पांनी मान खाली घातली. आयुष्यात त्यांना पाळता आला असा हा एकच शब्द होता, आणि तोही नेमका हा. जे सांगायचं होतं ते सगळं स्वरूपनं आधीच बोलून टाकलं होतं, आणि त्याच्यामुळंच सौदा पक्का झाला होता.

विकलेल्या जनावराबरोबर आपलं दावं द्यायचं नसतं. जयाबाईनं चंद्रीच्या गळ्यातलं दावं सोडलं आणि भावकूनं आणलेलं नवं कोरं घातलं. गाठ तिनंच मारली. “नवं हाय, काचंल,” म्हणून पुन्हा सोडली, पुन्हा मारली. टेम्पोत चढताना चंद्रीनं एकदा मागं बघितलं, पण टेम्पोची फळी वर आली होती.

गुरुवारी रघुवीरअण्णा आले. मोटारीच्या आत ओल गेलेली, त्यातनं करंट तिच्या बाहेरच्या पत्र्यात, पत्र्यातनं पाईपात, पाईपातनं पाण्यात. हिरवी तार जमिनीत पोचली असती तर तो तिकडं गेला असता. बटण चुकीच्या तारेवर, म्हणून मोटार थांबली तरी करंट आत तसाच उभा. “जनावराला आधी कळतं. चार पाय ओल्यात आणि तोंड पाण्यात,” ते म्हणाले. शिव्या दिल्या नाहीत, त्यामुळं स्वरूपला जास्तच ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी परसात खड्डा काढून अर्थिंग घातलं, वायर बदलली, करंट गळायला लागला की आपोआप पडणारा स्विच बसवला, मशीननं मोजून बघितलं. मग स्वतः पाय धुऊन, अनवाणी गोठ्यात जाऊन दोणीत हात घातला. दोणी काठोकाठ भरलेली होती.

मजुरी घेऊन हत्यारं पिशवीत भरताना ते म्हणाले, “वैनी, खड्डा काढून जीव कासावीस झालाय. ताक असलं तर घोटभर द्या की.”

जयाबाई तांब्या घेऊन परसदारापर्यंत गेली. नागुबाईच्या दाराकडं बघत उभी राहिली आणि रिकामा तांब्या घेऊन परत आली.

“दुसऱ्याच्या म्हशीचं ताक माझं म्हणून कसं देऊ तुमास्नी?” ती म्हणाली. “आज कोरा चहा घ्या. ताकाचं राहिलं तुमचं माझ्याकडं.”

भावकूचा मध्ये एकदा फोन आला. खुशीत होता. म्हस घरच्यासारखी रमली, हॉटेलवाले दुधाचं नाव घेतात, वगैरे. जयाबाईनं फोन कानाला लावून एवढंच विचारलं, “पाणी पितीय न्हवं?”

परवा रघुवीरअण्णा काहीतरी कामाला शोरूमवर आले होते. स्वरूपनं निरोप दिला, “आई इचारत होती, ताकाला कधी येताय.”

“म्हस घेतलासा?”

“न्हाय अजून. आई कुठलीच पसंत करीना.”

“असू दे मग,” रघुवीरअण्णा म्हणाले, आणि शिडी खांद्यावर टाकून पुढच्या कामाला गेले.