जमीन इकली, झाड नाही

मोठीआई दुसऱ्याच्या प्लॉटवर बेधडक शिरायची आणि घरमालकालाच विचारायची, “तुमी इथं काऊन उभे राहिले? सरका, फुलं तुडवून राहिले.” माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची ही बायको. अंगाने काटकुळी, आवाज मात्र दोन बांध्या, धानाची दोन खाचरं, ओलांडून जाणारा.

कुडव्याकडे आमची धानाची शेती होती. आमच्यात वाटण्या झाल्या की जमीन वेगळी आणि मोहाची झाडं वेगळी वाटत. एकाच्या बांधीत दुसऱ्याचं झाड उभं असे. चैत्रात झाडवाला येऊन फुलं वेचून नेई, जमीनवाला त्याला पाणी विचारी. पुढे गोंदिया सरकत सरकत कुडव्यापर्यंत आलं आणि मोठीआईच्या मुलाने, म्हणजे आमच्या दादाने, शेत लेआउटवाल्याला दिलं. तेव्हा मोठीआईने त्या लेआउटवाल्याला एवढंच बजावलं, “जमीन इकली, झाड नाही इकलं.” तो म्हणाला, “बिल्कुल माताजी.” तो कशालाही बिल्कुलच म्हणायचा. तिने तो शब्द धरून ठेवला.

एका उन्हाळ्यात शेतांच्या कडेचे धुरे सपाट झाले. त्यांच्यावरचे पळस, बोरी, बाभळी गेल्या. मुरूम पडला. मोहाचं झाड एका प्लॉटच्या कोपऱ्यात आलं म्हणून तेवढं राहिलं. मी स्वतः अशाच एका प्लॉटवर घर बांधून राहते, तेव्हा गळा काढायचा हक्क मला नाही. पण आता दारोदार कुंडीत पाम आहेत आणि त्यांची सावली कुंडीलाही पुरत नाही. मोठीआई त्यांना ‘पाहुणे’ म्हणायची. “पानी पेतेत अन् बसून राहतेत.”

तो कोपऱ्यातला प्लॉट रेल्वेतल्या एका साहेबांनी घेतला. घर झालं, आणि पहिल्याच चैत्रात मोठीआई झाडू-टोपली घेऊन अंगणात हजर.

“माँजी, ज़मीन हमारी है.”

“मी कुठं नाही म्हनून राहिली? जमीन तुमचीच. पाय उचला.”

साहेब तक्रार घेऊन माझ्याकडे आले. मी म्हटलं, कायद्याने तुमचं बरोबर आहे, तिला जाऊन सांगा. त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी त्यांची बायको तिच्यासाठी चहा ठेवू लागली. भांडता भांडता नवरा-बायको दोघंही मोठीआईचा कायदा शिकले.

मग त्यांना गाडीसाठी शेड हवी झाली. झाड आडवं येत होतं. साहेब सरळ माणूस. झाड मोठीआईचं, हे आता त्यांनाही पटलेलं, म्हणून ते विचारायला गेले. ती घरी नव्हती. दादा होता.

“काट डालिए, इसमें पूछना क्या,” दादा म्हणाला.

फाल्गुनात ती झाडाखालचा पाला झाडायला गेली, तर बुंधा जमिनीलगत कापलेला आणि भुसा अजून ओला. साहेब बाहेर आले. “माँजी, आपके बेटे से पूछा था.” भांडायला जागाच उरली नाही. तिने भुसा झाडून एका बाजूला केला आणि परत आली.

“फुलं बाजारातून आणून देतो ना,” दादा म्हणाला.

“फुलं आणशील रे. त्या परक्या मानसानं इचारलं. तू काऊन नाही इचारलं?”

दादाला यात एवढं काय झालं ते कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही. मोठीआई माझ्याकडे राहायला आली. साहेबांच्या बायकोकडे चहाला जायची, त्या शेडखाली खुर्ची टाकून बसायची. मुलाच्या घरी पाऊल टाकलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात तिने अंथरूण धरलं. दादा आला आणि दारातच उभा राहिला.

“कोन हाये?”

मी सांगितलं. तिने भिंतीकडे तोंड केलं. “त्याले सांग, माझं काई इचाराले कोनी आलं, तं हो म्हनून देजो.”

त्याच आठवड्यात ती गेली. तिला घाटावर न्यायला गाडी आली. सगळं झाल्यावर ड्रायव्हरने दादाला विचारलं, “ले चलें?”

दादा माझ्याकडे पाहू लागला. ऊन चढत होतं, माणसं उघड्यावर उभी होती.

शेवटी मीच हो म्हटलं.