सिस्टरच्या पिशवीतला कॅमेरा

या, इकडं या. दाराच्या चौकटीला टेकून कुणी ऐकतं का? खुर्ची ओढा, नाहीतर इथं दिवाणावर माझ्याजवळच बसा. आणि एक सांगते, रागवू नका. भिलाईचं काही विचारायला आलात की तुम्ही सगळे भट्टीचं विचारता, रशियन इंजिनिअरांचं विचारता. शेजारी कोण राहत होतं, हे म्हणून कुणी विचारत नाही. आज मी भट्टीचं काही सांगणार नाही. आज सिस्टरचं ऐका.

तुम्ही तिला पाहिलं असतं तर आधी तिची कोपरं दिसली असती. दोन्ही कोपरं बरगड्यांना घट्ट चिकटवायची, तो इवलासा कॅमेरा डोळ्याला लावायची आणि म्हणायची, "हालू नोको माय. श्वास धर." म्हणायची समोरच्याला आणि धरायची मात्र स्वतः. मग टक् असा आवाज यायचा आणि सिस्टर इतक्या जोरानं श्वास सोडायची की समोरचा माणूस हसायचाच. फोटोत मात्र तो हसायच्या आधीचा यायचा.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. आमच्या नि तिच्या क्वार्टरची भिंत एक, मधलं मेंदीचं कुंपणही एक. ती हॉस्पिटलात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती. भंडाऱ्याकडची, एकटी राहायची. घरात बुद्धाची एक तसबीर, एक खाट आणि हा कॅमेरा.

कॅमेरा तिच्या भावानं आणलेला. तो जहाजावर स्वयंपाकी होता, सिंगापूरला कुणाचा तरी वापरलेला घेतला त्यानं. त्या वेळी भिलाईत कॅमेरा म्हणजे रशियन लोक जाताना विकून गेलेले, विटेसारखे जड. लग्नकार्यालाच कपाटातून निघायचे. हिचा जपानी, तळहातावर मावेल एवढा. ती तो रोज बरोबर न्यायची. बाळाच्या जुन्या दुपट्यात गुंडाळून पिशवीत, कांद्याच्या वर नि कोथिंबिरीच्या खाली. कोपऱ्यांवरचा काळा रंग उडून आतलं पितळ दिसायला लागलं होतं. मी म्हटलं, "सिस्टर, रंग देऊन घ्या ना." तर म्हणाली, "कावून? पितळ दिसून राहिलं म्हणूनच तर आता तो माहा झाला."

बाजारात गेली की भाजीवाली ओरडायची, "मोर फोटू झन खींच बाई, मूड नइ कोरे हंव!" केस विंचरले नाहीत म्हणून फोटो नको. सिस्टर तिला टोपलीतली फणी काढून द्यायला लावायची, विंचरू द्यायची, आणि मग तिचं लक्ष नसताना पुन्हा केस विस्कटले की काढायची.

माझ्या सासूबाई तिच्या घरचा चहा घेत नसत. पण नऊवारी नेसून, नथ घालून तिच्यापुढं फोटोला बसल्या. सिस्टरनं हसत विचारलं, "फोटोले विटाळ नसते का, आत्याबाई?" सासूबाई मान न हलवता म्हणाल्या, "तू आधी श्वास धर."

मला तिनं सगळा कॅमेरा समजावला होता. असं दुसरं कुणी नव्हतंच समजावून घेणारं. "भिंगातून जे दिसते तेच फोटोत येते माय, आत आरसा आहे न. हे कडं फिरव, पाह्य, तो कावळा कसा साफ झाला." मी फिरवायची आणि धुरकट झाडातून एकदम कावळा बाहेर यायचा. असं सुख मला त्या घरात दुसरं नव्हतं, खरं सांगते. मग डावीकडची खुंटी दाखवून म्हणाली, "हे वर ओढली की पाठ उघडते. रोल आत असताना कधी ओढजो नोको. उजेड लागला की फोटो जळतात. बाहेरचे आधी जळतात, आतल्या वेटोळ्यातले कधी कधी वाचतात."

रविवारी दुपारी तिच्याकडे अनोळखी बायका यायच्या. दुर्गच्या, अहिवाऱ्याकडच्या, कुणी अगदी खेड्यातल्या. दहा मिनिटं बसायच्या, चहाही न घेता उठायच्या, आणि जाताना पदराआड काहीतरी धरलेलं असायचं. "कोण हो ह्या?" मी विचारलं, तर म्हणाली, "माह्या पेशंट." एवढंच. आम्ही शेजारणींनी ठरवून टाकलं, मूल होण्याचं औषध देत असेल. तुम्हीही तेच ठरवलं असतं.

मग माझी वेळ आली. लग्नाला सहा वर्षं झाली होती. मुलगा झाला, पण सातव्या महिन्यातच. मुठीएवढा. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. आत फक्त आईला आणि नर्सला सोडायचे. सासूबाईंना सोडलं नाही. आमच्या ह्यांनी ड्यूटीवरून येऊन दाराच्या काचेतून एकदा पाहिलं.

तिसऱ्या दिवशी वॉर्डातली आया माझ्या खाटेवर येऊन बसली. हळू आवाजात म्हणाली, "बाई, सिस्टर का कॅमेरा देखा है न? जिस बच्चे का फोटो खींचती है, वो बच्चा घर नहीं जाता."

"काहीतरीच," मी म्हटलं. "मेरी सास का भी निकाला. चांगल्या खणखणीत आहेत."

"बडों का छोडो. बच्चों का बोल रही हूँ. मैंने देखा है."

मी सातवी शिकलेली. असल्या गोष्टींना हसणारी. दुसऱ्याच्या पोराची असती तर हसलेही असते.

चौथ्या दिवशी दुपारी मी दूध काढून घेऊन पेट्यांच्या खोलीकडे गेले. काचेतून पाहिलं. सिस्टर माझ्या मुलाच्या पेटीपुढं उभी. कोपरं बरगड्यांना चिकटलेली. खूप वेळ. मग टक्.

तेवढ्यात तिला पलीकडून हाक आली. कॅमेरा दुपट्यावर ठेवून ती गेली. मी आत शिरले. खुंटी बरोबर सापडली. ओढली. पाठ उघडली. आत करडी, गुळगुळीत पट्टी होती. मी कॅमेरा उचलला आणि उघड्या पाठीनं खिडकीतल्या उन्हात धरला. हातातलं दूध सांडलं. मला वाटत होतं, मी माझ्या मुलाला कुणाच्या तरी तावडीतून सोडवते आहे.

सिस्टर परत आली तेव्हा मी तशीच उभी होते. तिनं धावत येऊन तळहातानं पाठ बंद केली.

"काय केलं माय?"

"माझं पोरगं नेऊ देणार नाही मी तुम्हाला."

तिनं कॅमेरा दुपट्यात गुंडाळला. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मी कोणाले नेत नाही माय. ठेवून राहिली होती."

मला काही कळलं नाही. मी म्हटलं, "पुन्हा त्याच्यासमोर हा डबा धरलात तर तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ."

सहाव्या दिवशी सकाळी तिनं मला बोलावून नेलं. त्याचा रंग बदलला होता. तिनं त्याला पेटीतून काढलं, दुपट्यात गुंडाळलं आणि माझ्या मांडीवर दिलं. सहा दिवसांत पहिल्यांदा. पिशवी तिच्या खांद्याला होती, पण तिनं हात घातला नाही. वाकून म्हणाली, "माय, एक काढू? तू हो म्हणशील तरच."

मी तोंड फिरवलं.

तिनं पुन्हा विचारलं नाही. तिथंच उभी राहिली. कोपरं बरगड्यांना चिकटलेली, हात रिकामे, आणि ती त्याच्याकडे पाहत होती. मी खिडकीकडे पाहत होते. हे नीट ऐका. शेवटी तिनं पाहिलं, मी नाही.

बारसं व्हायचं होतं, म्हणून त्याला नाव नव्हतं. पुरुष माणसं घेऊन गेली. कुठं पुरलं ते मला दाखवलं नाही. मी घरी आले तर पाळणा नव्हता, टोपडी नव्हती, सासूबाईंनी सगळं देऊन टाकलं होतं, माझ्या डोळ्यांसमोर नको म्हणून. घरात त्याची एक चिंधीसुद्धा नव्हती. आणि तेव्हा, रिकाम्या खोलीच्या मधोमध उभी असताना, मला कळलं रविवारच्या बायका काय घेऊन जायच्या.

आयानं उलटं लावलं होतं. सिस्टर फोटो काढायची म्हणून मुलं जात नव्हती. जी राहणार नाहीत, ती तिला आधी कळायची. त्यांचेच ती काढायची. म्हणजे आई घरी गेल्यावर, महिन्यानं, वर्षानं, जेव्हा तिला धीर होईल तेव्हा येऊन घेऊन जाईल.

पुढच्या एका रविवारी अहिवाऱ्याकडची एक बाई आली. मी कुंपणाशी दोरीवर कपडे घालत होते. मी रोल उन्हात धरला त्याच्या आदल्या दिवशी तिचं मूल गेलेलं. त्याचा फोटो त्याच रोलवर होता. सिस्टर अंगणातच तिला सांगत होती, "मोर हाथ ले ढकना खुल गे बहिनी. माफी देबे." माझ्याच हातानं झाकण उघडलं गेलं, मला माफ कर, असं.

त्या बाईनं फोटो हातात घेतला. अर्धा आला होता. गुंडाळलेलं फडकं दिसत होतं, तोंडाच्या जागी नुसतं पांढरं. तिनं तो उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. विचारलं, "अउ नइ हे?" आणखी नाही? सिस्टरनं मान हलवली. बाईनं तो फोटो कपाळाला लावला आणि पदराआड घेतला.

मी ओला टॉवेल हातात धरून कुंपणाआड खाली बसले होते. चार पावलं जाऊन सांगायचं होतं, बाई, ते हात माझे. गेले नाही. कुणालाच सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगते आहे.

त्यानंतर सिस्टर आधी प्रत्येक आईला विचारायची. बहुतेक जणी नाही म्हणायच्या. आयाची गोष्ट वॉर्डभर झाली होती, आणि ती खोटी आहे हे जिनं सांगायला हवं होतं ती मी गप्प. रविवारच्या बायका कमी होत होत थांबल्या. पिशवीत कॅमेरा असायचाच, पण मला पाहिलं की ती पिशवीचं तोंड मिटायची. मला दिसू नये म्हणून. माझ्यासाठी.

सहा वर्षं आम्ही शेजारी राहिलो. डब्याची देवघेव होती, सगळं होतं. दोनदा ती कुंपणाशी थांबली आणि म्हणाली, "माय, त्याचं तोंड सांगू का तुले? मले पाठ आहे." दोन्ही वेळा मी म्हटलं, "नको सिस्टर." एकदा हाताला कणीक होती, एकदा तेही कारण नव्हतं.

रिटायर होऊन गावाकडे निघाली त्या सकाळी ती आमच्या दारात आली आणि एक पाकीट दिलं. आत फोटो होता. कोरा. पांढरा कागद, चारी कडा नीट कापलेल्या.

"दुकानवाला म्हणे, यात काहीच नाही, कावून छापता? मी म्हटलं, छाप." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "टाकजो नोको."

मागं निळ्या शाईत तारीख, वजन आणि 'मुलगा' एवढं लिहिलेलं. नावाची जागा सोडलेली.

मी तिला तीन पत्रं लिहिली. पहिल्या दोन पत्रांत पावसापाण्याचंच लिहिलं, माझी हिंमत झाली नाही. तिसऱ्यात त्याचं तोंड विचारलं. ते परत आलं. पत्त्यावर कुणी राहत नाही, असा शेरा मारून.

पुढं मला मुलगी झाली. तिचे फोटो ढिगानं आहेत. आणि त्यामुळंच घात झाला. डोळे मिटून मुलाला आठवायला गेले की तिचंच तोंड लागतं त्याला. पेटीची काच आठवते, नाकातली नळी आठवते, दुपट्याची किनारसुद्धा आठवते. तोंड नाही. आमचे हे होते तोवर त्यांना विचारायची. ते म्हणायचे, "लाल होता." एवढंच. आता तेही नाहीत. तो पांढरा कागद मी उन्हात धरून पाहते, तिरपा करून पाहते. चष्म्याचा नंबर बदलला की पहिल्यांदा तोच पाहते. काही नाही त्यात.

म्हणून तुम्हाला बसवून घेतलं. भंडाऱ्याकडे कुणाचं जाणं-येणं असेल, आणि नर्सची नोकरी करून परतलेली, आता नव्वदीच्या पुढची एखादी एकटी बाई कुणाच्या आळीत असेल, तर हे लिहून न्या आणि तिला वाचून दाखवा. डोळ्यांना दिसत नसेल तर जरा मोठ्यानं वाचा.

सिस्टर, मी आता विचारते आहे. त्याची हनुवटी कशी होती? कपाळ ह्यांच्यावर गेलं होतं का माझ्यावर? शेवटी डोळे उघडे होते का? तुम्ही नीट पाहिलं होतं. तुमच्याशिवाय त्याचं तोंड आठवणारं आता कुणी उरलेलं नाही. मी क्वार्टर सोडलं, मुलीकडे भिलाईतच, जुनवानीला राहते. खालचंच घर आहे, पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. या वेळी मी नको म्हणणार नाही. या सिस्टर. लवकर या.