पडली तर सांगेल अशी सायकल

सायकलच्या दुकानात लोक काय काय करतात? घंटी वाजवतात, चाक गरगर फिरवतात, सीटवर बसून समोरच्या काचेत स्वतःला बघून घेतात. लाइनमावशीनं यातलं काहीच केलं नाही. तिनं पाठीवरच्या कापडी म्यानातून कमरेएवढी लांब लोखंडी सळई काढली, तिचं एक टोक काचेजवळ उभ्या असलेल्या काळ्या चकचकीत सायकलच्या फ्रेमला टेकवलं, दुसरं टोक स्वतःच्या कानाशी धरलं आणि फ्रेमवर टिचकी मारली.

दुकानातली मिस्त्रीण हातातला पाना तसाच धरून बघत राहिली. "मावशी, सायकल आहे ती. पेशंट नाही."

"पेशंट खोटं बोलतो. लोखंड खोटं बोलत नाही. हिचं काय ते बघते."

"ही लोखंडाची नाही. कार्बनची आहे."

"म्हणजे प्लास्टिकच की!"

मिस्त्रीण हसली. रागावली असती तर मावशीला बरं वाटलं असतं. भांडायची पूर्ण तयारी करून ती आली होती.

तिला भांडायची हौस होती असं लोक म्हणायचे. लोकांचं काय, जो मागून घेतो त्याला भांडखोर म्हणायचं आणि जो गप्प मरतो त्याला गुणी, ही जगाची रीतच आहे. मावशी पंपघरात झाडू मारायला लागली तेव्हा तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. फरशी पुसताना थकली की ती थंडगार पाइपाला कान लावून टेकायची. टेकता टेकता तिला कळायला लागलं की पाणी सरळ जातंय तेव्हा एक आवाज असतो आणि कुठं गळतंय तेव्हा वेगळा. गळती कुजबुजते. दोनचार वेळा तिनं सांगितलं तिथं खोदलं आणि ओलं लागलं. एकदा कोरडंही लागलं. तो खड्डा लोकांनी वर्षभर तिच्या नावानं ओळखला. पण तिच्या हातात सळई आली ती आली. टेकडीवरच्या तळ्यापासून खाली शहरापर्यंत येणारी पाण्याची मोठी लाइन तिच्याकडं आली आणि ती लाइनमावशी झाली. कागदावर तिला 'मदतनीस' लिहिलं होतं. "कुणाची मदतनीस? माझ्यापुढं तर कुणीच दिसत नाही!" असं म्हणत ती ऑफिसच्या पायरीवर बसली, आणि शब्द बदलल्याशिवाय उठली नाही.

आता गुडघा दुखायला लागला होता. टेकडीची वाट चढताना उजवा पाय दगा द्यायचा. जुनी लोखंडी सायकल आता चढावर तिला नेत नव्हती, तीच सायकलला नेत होती.

पाणीखात्याचा साहेब माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं झालं असतं. त्यानं तिला समोर बसवलं आणि मऊ आवाजात म्हटलं, "मावशी, पुष्कळ केलंत. आता खालच्या खोलीत बसा. खुर्ची आहे, पंखा आहे. तक्रारींचे फोन घ्यायचे."

"आणि लाइन?"

"लाइनचं बघू."

"बघू म्हणजे कुणीच बघणार नाही. साहेब, मला खुर्ची नको. मला मोटर लावलेली डोंगरी सायकल द्या. गुडघा चढावर नाही म्हणतो, मोटर हो म्हणेल."

साहेब चमकला. रविवारी तो स्वतः तसली सायकल घेऊन हिंडायचा. जरा विचार करून तो म्हणाला, "घेऊ. ऑफिसच्या खरेदीत बसतं. पण एक अट. आडवा पाइप."

आडवा पाइप सगळ्यांना माहीत होता. अर्ध्या वाटेवर, ओढ्याच्या तोंडाशी, लाइन जमिनीतून वर येते आणि कमरेएवढ्या उंचीवरून वाट आडवी कापून जाते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल दगडी घळ. पायी माणूस पाइपावर बसून पाय पलीकडं टाकतो. सायकल मात्र उचलूनच न्यावी लागते.

"तुम्ही एकटीनं सायकल पलीकडं नेलीत तर लाइन तुमची," साहेब म्हणाला. "कुणाचा हात लागला तर खुर्ची. रोज तिथं माझा माणूस उभा राहणार नाही. आणि माझं ऐका, कार्बनची घ्या. हलकी असते."

म्हणून मावशी दुकानात आली होती आणि सायकलला टिचक्या मारत होती.

मिस्त्रीण कामाची बाई निघाली. तिनं काळी कार्बनची आणि करड्या रंगाची अलॉयची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, अशा दोन्ही सायकली शेजारी लावल्या. मोटर तीच, बॅटरी तीच, चाकं तीच. फरक फक्त सांगाड्याचा.

"उचलून बघा."

मावशीनं आधी काळी उचलली, मग करडी. "एवढाच फरक? पाण्याच्या दीड बाटलीचा?"

"एवढाच. खरं वजन मोटर आणि बॅटरीचं. पण कार्बन हादरे पिऊन टाकतो, मनगटं दुखत नाहीत. आणि तो प्लास्टिक नाही हं मावशी, धाग्यांचे थर असतात एकावर एक. ताकदीला अलॉयपेक्षा कमी नाही."

"मग अलॉय कोण घेतं? येडे?"

"ज्यांचा हात जड आहे ते. कार्बनला टोकदार दगड बसला की कधीकधी आतले थर सुटतात आणि वरून काही दिसत नाही. अलॉयला पोचा येतो. जोडाजवळ तडाही जातो, नाही असं नाही, पण पुसून बघितलं की बहुतेक वेळा डोळ्याला दिसतो."

मावशीनं करडीला सळई लावली. ठण्ण. काळीला लावली. टक. कोरडा, स्वच्छ आवाज. तिला तो आवाज आवडला. चिडली ती स्वतःवर.

"काळी न्या चालवायला," मिस्त्रीण म्हणाली. "साहेबांचा फोन आलाय. परत आणली की सांगा काय ते."

मावशीनं नेली, आणि खोटं कशाला बोला, तिचं मन बसलं तिच्यावर. चढावर मोटर अशी मागून रेटत होती की पाठीवर कुणी मायेचा हात ठेवलाय. जिथं जिथं ती उतरून ढकलायची, तिथं तिथं ती बसून गेली. आडव्या पाइपाशी आली, दम घेतला, पुढचं चाक उचललं, मागचं उचललं, शिव्या दिल्या आणि पलीकडं गेली. कसंबसं जमलं, पण जमलं. खुर्चीचा विषय संपला, असं ती मनात म्हणाली आणि शीळ घालत वर निघाली.

वरच्या व्हॉल्व्हशी तिला आवाज आला. कुजबुज नव्हती ती. फणा काढल्यासारखा फुत्कार होता. व्हॉल्व्हच्या मानेतून पाण्याची धार थेट वाटेवर उडत होती.

अशा वेळी मावशी काय करायची हे सगळ्या टेकडीला माहीत होतं. ती सायकल लावायची नाही. ती सायकल टाकायची. चालत्या सायकलवरून उडी, सायकल पडली तिथं पडली, आणि बाई व्हॉल्व्हच्या चाकाशी. जुनी लोखंडी सायकल अशी किती वेळा पडली असेल याचा हिशेब त्या सायकलनंही ठेवला नव्हता. हात जुने, सवय जुनी. काळी नवी सायकल खडकावर आडवी आपटली आणि मावशी व्हॉल्व्ह आवळायला धावली.

धार थांबली. बाई नखशिखान्त भिजून परत आली आणि सायकल उचलली. खालच्या जाड नळीवर एक ओरखडा होता. एवढासा. कुणी म्हणालं असतं, मांजरानं नख मारलं.

तिनं सळई लावली आणि नळीवर वरपासून टिचक्या मारत गेली. टक. टक. टक. ओरखड्यापाशी थप्प. तळहाताएवढ्या जागेत थप्प, पुढं पुन्हा टक.

ती सायकलवर बसली नाही. बंद मोटरची सायकल ढकलत, लंगडत खाली दुकानात आली आणि म्हणाली, "मी आपटली. आतून काहीतरी सुटलंय असं वाटतं."

मिस्त्रिणीनं एक नाणं घेतलं, त्यानं नळी वाजवली, कान जवळ नेला, पुन्हा वाजवलं. "असेल. नसेलही. उघडून तपासल्याशिवाय मी कुणाला हिच्यावर बसू देणार नाही. दुरुस्त होतं हे, घाबरू नका. पण मावशी, हा कार्बनचा दोष नाही हं. तुम्ही टाकलीत."

"टाकली."

"सवय बदला मग. हळूच निजवायची."

"पोरी, वर लाइन फुटलेली असताना मी सायकलला अंगाई म्हणत बसू? गावाचं पाणी वाहून जातंय आणि मी आपली दगड नसलेली जागा शोधतेय? सवय नाही ती, कामच तसं आहे. मला करडी दे."

साहेबाला हे पटलं नाही. ओरखड्यावरून बोट फिरवून तो म्हणाला, "मावशी, काही दिसत तरी आहे का?"

"तेच तर दुखणं आहे. दिसत नाही."

"जड सायकल पाइपावरून जाणार नाही तुमच्याच्यानं. हीसुद्धा कशीबशी गेली म्हणता. हट्ट करून खुर्चीवर याल."

"आले तर येईन. पण आतून तुटलेली आणि वरून हसणारी अशी एक वस्तू मी रोज चढावर अंगाखाली घेणार नाही. तसली माणसं ऑफिसात पुरेशी आहेत."

आता बोलून बसली होती. करडी सायकल घरी आणली आणि जिन्याच्या कठड्यावरून उचलून न्यायचा सराव सुरू केला. पहिल्यांदा पुढचं चाक वर गेलं आणि गुडघ्यानं राजीनामा दिला. दुसऱ्यांदा सायकल तिच्या अंगावर आली. तिसऱ्यांदा शेजारीण दार उघडून बघायला लागली.

"काय बघतेस? सिनेमा आहे?" मावशी ओरडली. दार बंद झालं.

नवरा शिवणयंत्रावर बसल्या बसल्या हे सगळं चष्म्यावरून बघत होता. पडदे, पिशव्या, खुर्च्यांचे अभ्रे शिवायचा त्याचा धंदा. सळईचं म्यानही त्याचंच. बोलायचा कमी, पण बोलला की टाका घट्ट.

"अगं, तू उचलतेस कशाला?"

"मग काय फुंकर मारू?"

"आपलं कपाट दुसऱ्या मजल्यावर आणलं तेव्हा तू उचललं होतंस का? पायरीवर त्याचं पोट टेकवलंस आणि ढकलत आणलंस. मलाही आयुष्यभर तसंच आणलंयस."

मावशीनं सायकल भिंतीला टेकवली. मग ती कठड्याकडं बघत म्हणाली, "अहो, मशीनवर जाड कापड चढवा. आतून कापूस भरा."

"किती मोठं?"

"सायकलच्या पोटाएवढं. आणि पाठीवर अडकवायची एक पिशवी. बॅटरी काढता येते. ती आधी मीच पलीकडं नेईन."

"मग आतापर्यंत मोटरबरोबर बॅटरीही उचलत होतीस?"

"हसू नका. शिवा."

सोमवारी सकाळी आडव्या पाइपाशी साहेब, ऑफिसातले दोन कारकून आणि हातात पाना नसल्यामुळं अवघडलेली मिस्त्रीण असे सगळे जमले होते. फुकटचा तमाशा कुणाला नको असतो? एक कारकून दुसऱ्याला म्हणाला, "खोलीतला पंखा पुसून ठेवलाय मी."

"स्वतःच्या डोक्यावर फिरव तो!" मावशी लांबूनच म्हणाली. कान होते तिला.

तिनं सायकलची बॅटरी काढली, पाठीवरच्या पिशवीत घातली. कापसाची गादी पाइपावर पसरून नाड्यांनी बांधली. पुढचं चाक उचलून पाइपापलीकडं टाकलं आणि सायकलचं पोट गादीवर टेकवलं. मग स्वतः पाइपावर बसून, पाय फिरवून, कुरकुरत पलीकडं उतरली आणि हँडल धरून ओढायला लागली. सायकल सरकली. अर्ध्यावर पॅडल नाडीत अडकलं. हिसका दिला तशी गादी घसरली आणि सायकल घळीकडं कलली.

साहेब पुढं धावला.

"हात लावायचा नाही!" टेकडी दणाणली. "हात लागला की खुर्ची, तुम्हीच म्हणालात. लांब व्हा!"

साहेब हात वर केलेल्या चोरासारखा उभा राहिला. सायकलची नळी उघड्या पाइपावर धाडकन आपटली. मिस्त्रिणीनं डोळे मिटले. मावशीनं दुखरा गुडघा पाइपाला टेकवला, दात आवळले, सीटखाली खांदा घातला आणि लोखंडाच्या बाईनं अलॉयच्या सायकलला असं खेचलं की दोघी एकदमच पलीकडच्या मातीत बसल्या.

मावशी उठली, माती झटकली, सायकल उभी केली आणि नळीवर बोट ठेवलं. तिथं बोटाचं पेर बसेल एवढा पोचा आला होता.

"हे बघा, साहेब. दिसतंय?"

"दिसतंय."

मिस्त्रीण पाइपावरून वाकली, पोच्यावरून अंगठा फिरवला, जोडाच्या कडा निरखल्या. "तडा नाही. चालवा. पण दर आठवड्याला पुसून बघायचं. आणि एक दिवस ही जाईलच, हे लक्षात ठेवा."

"मीही जाईन. पण दोघी सांगून जाऊ."

साहेबानं कपाळ पुसलं. "सायकल टाकणं तेवढं कमी करा, मावशी."

"नाही करणार." तिनं बॅटरी बसवली, खटका लागल्याचा आवाज नीट ऐकून घेतला. मग म्यानातून सळई काढून पाइपाला टेकवली. कारकून पुन्हा काहीतरी कुजबुजायला लागले होते. "गप्प बसा जरा. तुमचा आवाज आणि गळतीचा आवाज सारखाच येतो."

सगळे गप्प झाले. साहेबही. बराच वेळ ती कान लावून उभी होती.

"काय आहे?" शेवटी साहेबानंच विचारलं.

"काही नाही. पाणी चाललंय आपल्या वाटेनं." तिनं सळई पाठीवर टाकली आणि सीटवर बसली. "तरी वर जाऊन बघून येते. लाइन माझी आहे."