बटव्यावरचं ‘ले’

“हे ‘काकूले’ काय आहे हो? काकू, ले?”

पडद्यापलीकडून आवाज आला आणि त्याच्यामागून हसू. मी स्वयंपाकघरात तिळाच्या वड्या बशीत मांडत होते. हातातली वडी हातातच राहिली.

“अगं बघ ना, ही दुसरी. ‘मावशीले’. वाण हातात द्यायचं आणि वरून म्हणायचं, ले! घे बाई एकदाची!”

आता हसू मोठं झालं. बोलत होत्या त्या ताईच्या मावससासूबाई, संक्रांतीसाठी पुण्याहून आठ दिवस राहायला आलेल्या. हसणाऱ्यांमध्ये आमच्या गल्लीतल्या बायकाही होत्या, आणि मला ते जास्त लागलं. त्या वाचत होत्या ते अक्षर माझं होतं. अठरा पुड्यांवर अठरा चिठ्ठ्या मी निळ्या स्केचपेननं लिहिल्या होत्या.

मग आईचा आवाज आला.

“अवं, ते मीच लिहिलं. आम्ही आपले जसं बोलतो तसंच लिहून टाकतो.”

मी वडी बशीत ठेवली. ती शेजारच्या वडीला चिकटली, म्हणून उचलून पुन्हा ठेवली. बाहेर जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. मी बशीतल्या वड्या सरळ करत राहिले.

ताईचं लग्न दिवाळीनंतर झालं. भाऊजींची नोकरी नागपुरातली, म्हणून तिच्या सासरची माणसं तीन वर्षांपासून इथंच राहतात. तिच्या सासूबाई पुण्याच्या एका शाळेत मराठी शिकवायच्या. आमच्याकडून छापलेल्या लग्नपत्रिकेतल्या दोन चुका त्यांनी पहिल्याच भेटीत दाखवल्या, अगदी हसत, प्रेमानं. तेव्हापासून त्यांच्यासमोर लिहिलेला कागद ठेवायची आमच्या घरात सगळ्यांनाच धास्ती होती. बाबा तर त्यांना मेसेजसुद्धा बोलून रेकॉर्ड करून पाठवतात.

पहिली संक्रांत म्हणून एक हळदीकुंकू माहेरी, आमच्या हुडकेश्वरच्या घरी करायचं ठरलं. लग्नात हात सैल सुटला होता. यंदा विकतचं वाण नको असं आई तोंडानं म्हणाली नाही, पण सदर भागातल्या, माझ्या ऑफिसजवळच्या दुकानातल्या स्टीलच्या डब्यांचा फोटो मी तिला पाठवला, तेव्हा तिनं नुसतं ‘छान आहे’ असं उत्तर दिलं. आईला एखादी वस्तू खरंच घ्यायची असली की ती आधी भाव विचारते. संध्याकाळी घरी आल्यावर मी म्हटलं, “बटवे शिवू. घरीच.”

आई घरी ब्लाउज शिवते. तिच्या मशीनशेजारी कातरणाचं एक पोतं कायम असतं, गिऱ्हाइकांच्या ब्लाउजमधून उरलेले खण, रेशीम, कॉटन, जरीचे काठ. तिनं शिवायचं आणि मी निवडायचं, असं आमचं वाटप झालं. कोणासाठी कोणता तुकडा, हे माझं काम. मला माणसांशी बोलायला जमत नाही, पण मी त्यांच्याकडे बघत असते. शेजारच्या काकू हिरव्याशिवाय काही नेसत नाहीत. मोठी मावशी चष्मा ठेवून विसरते, तिचा बटवा चष्मा मावेल इतका लांब हवा. ताईच्या सासूबाईंच्या अंगावर मी कधी भडक रंग पाहिला नव्हता. त्यांच्यासाठी मी करड्या कॉटनचा तुकडा काढला, त्याला बारीक मरून काठ होता. अस्तराला आईचा जुना पांढरा परकर. ओढायच्या दोऱ्या मात्र विकत नाही आणल्या. आईचे वडील उमरेडला मागावर बसायचे. माग गेला, पण सुताच्या थोड्या कांड्या आईनं बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्या आहेत. दोन रंगांचं सूत ती दाराच्या कडीला अडकवायची, दुसरं टोक तळहातात धरून पीळ द्यायची आणि मधोमध दुमडून सोडून द्यायची. दोरी आपली आपणच वळत जायची. मला ते कधीच जमलं नाही. माझ्या हातातून पीळ सुटायचा.

प्रत्येक बटव्यात तिळगुळाची छोटी पिशवी. वरून वह्यांना कव्हर घालायच्या खाकी कागदात गुंडाळायचं, सुतानं बांधायचं, आणि सुतात नावाची चिठ्ठी ओवायची. चिठ्ठीची कल्पना माझी.

आई म्हणाली, “वाणाले नाव कशाले वं? वाण सगळ्याईले सारखं राहते.”

“हे सारखं नाही ना पण. प्रत्येकीचं वेगळं आहे.”

आमच्या इंग्रजी शाळेत डिसेंबरात, नाताळला, एकमेकींना भेटी द्यायच्या असत. त्यांवर कोणासाठी, कोणाकडून ते लिहावं लागे. नाव नसलेली भेट टेबलावर तशीच पडून राहायची. वाणाचं तसं नसतं, ते ज्या बाईच्या हातात पडेल तिचं, हे मला माहीत असायला हवं होतं. मी इतकी वर्षं हळदीकुंकवाला चहाच तर नेऊन देत होते.

ताईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, “करतेस तर मराठीत कर. सासूबाईंना इंग्रजी आवडत नाही.” ताईचं ‘सासूबाईंना’ माझ्या लक्षात राहिलं. लग्नाआधी ती ‘सासूबाईले’ म्हणाली असती.

मराठी मला शाळेत तिसरी भाषा होती, आठवीपर्यंत. निबंध पाठ करायचा, तसाच उतरवायचा आणि परीक्षा झाली की विसरायचा. त्यानंतर मी मराठी लिहिलंच नाही. घरात आम्ही मले-तुले बोलतो. बाहेर मी हिंदी बोलते, ऑफिसात इंग्रजी. घरातल्या माणसांना मी मराठीत कधी काही लिहिलं नव्हतं. फोनमध्येही ती सगळी इंग्रजी अक्षरांत साठवलेली आहेत. त्यामुळे स्केचपेन घेऊन बसले तेव्हा पुस्तकातलं काही आठवलं नाही. मावशी म्हटल्यावर आईचा आवाज कानात आला, ‘हे मावशीले दे’, ‘हे काकूले नेऊन दे’. जे ऐकू आलं ते मी लिहीत गेले. काकूले. मावशीले. ताईले. विहिणीले. हात थांबला नाही, म्हणून मला वाटलं की आपल्याला येतंय. आता हे लिहितानासुद्धा मी प्रत्येक ‘ला’शी अडखळते आहे.

अठरा पुड्या मी पलंगावर ओळीनं मांडल्या. आई ओले हात पदराला पुसत आली. एकेक चिठ्ठी तिनं वाकून वाचली, सावकाश, शेवटपर्यंत. मग म्हणाली, “छान केलं. तुह्या हातचं मराठी मी पहिल्यांदाच पाहिलं.”

मला फार आनंद झाला होता.

पडदा हलला आणि ताई आत आली. तिनं तो मागून नीट ओढून घेतला.

“तू बाहेर येऊ नको.”

“ताई, ते मी...”

“मले माहीत आहे. अक्षर ओळखू येत नाही का मले?” ती कुजबुजत होती, पण बांगड्या वाजत होत्या म्हणून तिनं एक हात दुसऱ्या हातानं धरला. “मी तिकडं सांगून ठेवलं आहे, बहीण इतकी शिकली, इतकी हुशार. आता तू जाऊन सांगशील तं ह्यांची मावशी पुण्यापर्यंत तेच सांगत जाईन. आईनं घेतलं ना अंगावर? राहू दे.”

“आईवर हसून राहिल्या त्या.”

“हसतील आणि विसरतील. मले रोज राहायचं आहे वं त्यांच्यात.”

ती गेली. गप्प राहणं मला सोपं जातं. लहानपणापासून पाहुणे त्याला चांगलं वळण म्हणत आले आहेत, आणि मीही कधी त्यांना दुरुस्त केलं नाही. ताई म्हणते ते बरोबरच आहे, असं मी मनाशी म्हणाले. पडदा एका बाजूनं थोडा उघडा राहिला होता. मी तिथून बघत उभी राहिले.

ताईच्या सासूबाई दिवाणावर बसल्या होत्या. त्यांनी पर्स उघडली आणि पेन काढलं.

“विहीणबाई, राग मानू नका हं. बोलायला तुमचं ‘ले’ फार गोड आहे, तीन वर्षं मी ऐकते आहे. पण लिहिताना बोलल्यासारखं लिहून चालत नाही. या पुड्या चार घरी जाणार. आणा, मी पटकन नीट करून देते.”

“हो हो,” आई म्हणाली. “करा ना.”

आणि आई उभी राहिली. ट्रेमधली एकेक पुडी उचलून, जरा वाकून, चिठ्ठी वर येईल अशी धरून त्यांच्यासमोर नेऊ लागली. सासूबाईंनी ‘ले’वर आडवी रेघ मारली, कावर अनुस्वार द्यायचा की कूवर ते आईला समजावलं, आणि बाजूला लिहिलं, ‘काकूंना’. आई म्हणाली, “असं होय.” पुढची पुडी. रेघ. “बरोबर.” पुढची. आईचा हा आवाज मला ओळखीचा आहे. गिऱ्हाईक स्वतः चुकीचं माप देतं आणि ब्लाउज घट्ट झाला म्हणून परत आणतं, तेव्हा ती असंच ‘बरोबर’ म्हणते.

शेजारच्या काकू म्हणाल्या, “अवं मॅडम, माह्यं राहू द्या ना! मले तं ‘ले’च समजते. ‘ना’ लिहिलं तं मी म्हणीन, दुसऱ्याच काकूचं हाय, आणि इथंच ठेवून जाईन.”

सगळ्या हसल्या. सासूबाईही मनापासून हसल्या. पेन मात्र थांबलं नाही. एका पुडीवर त्यांचा हात जरा जोरात पडला, खाकी कागद फाटला आणि आतला हिरवा खण दिसला. आईनं ती जागा अंगठ्यानं दाबून धरली.

मी मोजत नव्हते, तरी ट्रेमध्ये आता किती उरल्या ते मला दिसत होतं. थोड्याच. त्या संपल्या की विषय संपणार होता. आई बसणार होती. मला फक्त तेवढा वेळ उभं राहायचं होतं.

शेवटची पुडी सासूबाईंची स्वतःचीच होती. त्यांनी पेन टेकवलं आणि उचललं.

“अरे वा! ‘विहीणबाईंना सप्रेम’. हे अगदी शुद्ध आहे की. वि ऱ्हस्व, ही दीर्घ, अनुस्वारसुद्धा जागेवर.”

मी ते लिहिलं नव्हतं. मी ‘विहिणीले’ लिहिलं होतं. मी पडदा आणखी थोडा बाजूला केला. चिठ्ठीवरची शाई निळीच होती, पण अक्षर उजवीकडे कललेलं होतं, आई मापांच्या वहीत लिहिते तसं. सुताची गाठही माझी नव्हती. मी सगळीकडे फूल बांधलं होतं, इथं घट्ट, चपटी गाठ होती.

म्हणजे सकाळी कधीतरी तिनं ती पुडी सोडली होती आणि चिठ्ठी बदलली होती. म्हणजे पलंगाशी वाकून एकेक चिठ्ठी वाचत होती तेव्हाच तिला सगळं दिसलं होतं. अठराही चुकलेल्या. जिथं बदलल्याशिवाय चालणार नव्हतं ती एक तिनं मला न कळता बदलली, बाकीच्या माझ्याच राहू दिल्या. त्या नात्यातल्या आणि गल्लीतल्या बायकांच्या होत्या, आपली माणसं ‘ले’वर अडणार नाहीत असं तिला वाटलं असणार. पुण्याहून कोणी येऊन त्या वाचून दाखवील, हे तिच्या हिशेबात नव्हतं.

मावससासूबाई पुढे सरकल्या. “बघू? अहो खरंच. मग हे कसं काय? सतरा चुकल्या आणि एकच बरोबर?”

खोलीतल्या सगळ्या आईकडे बघू लागल्या. ताईनं मान खाली घातली. आईच्या हातात ती पुडी होती, आणि ती हसत होती.

“चुकून बरोबर झालं असन,” ती म्हणाली.

या वेळी सगळ्यात मोठं हसू झालं. आईसुद्धा त्यात हसली. ती खोटं बोलतेय हे ताईला आणि मला, दोघींनाच कळत होतं.

मी बशी उचलली आणि पडद्यातून बाहेर आले. मनात वाक्य आधी इंग्रजीत आलं, मग हिंदीत, आणि दोन्ही त्या खोलीत बोलता येण्यासारखी नव्हती. ताईनं वर पाहिलं आणि जेमतेम दिसेल इतकीच मान हलवली, नाही. मी तिच्यावरून नजर काढली.

“आली का?” आई म्हणाली. “दे वं वड्या सगळ्याईले. आधी त्याईले दे.” तिनं दिवाणाकडे हात केला. ती मला वाट काढून देत होती. वड्या द्यायच्या आणि आत जायचं.

सासूबाईंनी तिळगुळासाठी हात पुढे केला. मी बशी पुढे केली नाही. आता सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मी बघत होते आईच्या हातातल्या त्या चिठ्ठीकडे.

“आईले सगळं बरोबर लिहिता येते,” मी म्हणाले. “ही एकच चिठ्ठी तिची आहे. बाकीच्या सतरा मी लिहिल्या. मलेच नाही येत.”